कोळशाच्या रेघा

बोरपारडी या नदीकाठच्या गावी श्री सोपानगिरी महाराजांचा मुक्काम असताना घडलेली ही हकिकत, भाविकहो, चित्त देऊन ऐकावी.

त्या गावी तुळाजी नावाचा नाभिक महाराजांची निष्ठेने सेवा करी. रोज सकाळी कामाआधी तो वस्तऱ्याला धार लावण्याच्या आपल्या दगडावर कोळशाने उभ्या-आडव्या रेघा ओढी आणि घाटाच्या सपाट फरशीवर ओली वाळू पसरून, मुखाने नाम घेत, तो दगड घाशी. साऱ्या रेघा पुसल्या म्हणजे दगड सपाट झाला. जेथे रेघ उरली, तेथे खळगा. खळग्याच्या दगडावर वस्तऱ्याची धार बोथट आणि गोल होते, हे तो जाणून होता.

मानाजी पाटलांना याची थट्टा वाटे. "काय रे तुळ्या! लोक दगडावर वस्तरा घासतात, तू दगडच घासतोस. उद्या दाढीही दगडाचीच करशील!" असे म्हणून एके दिवशी त्यांनी तो दगड लाथेने पायऱ्यांवरून लोटून दिला. त्याचे तुकडे झाले.

तुळाजी ताठ उभा राहिला. "दगड फुटला, पाटील. नेम नाही फुटला."

आठवडा लोटला, आणि पाटलांच्या मानेला मोठे गळू धरले. श्वास अडू लागला. वैद्य म्हणाले, "आजच चिरा द्यावा लागेल. शेजारी रक्ताची शीर आहे, हात एकदाच फिरला पाहिजे." गावात चिरा देणारा एक तुळाजीच, आणि दगडावाचून त्याच्या वस्तऱ्याची धार तर गेलेली. पाटलांचे बंधू अप्पाराव घरचा दगड घेऊन घाटावर धावत आले. वर्षानुवर्षे विळ्या घासून तो मध्ये पार खोलगट झाला होता.

"लाव धार, झटकन!"

तुळाजीने त्यावर कोळशाने रेघा ओढल्या. "या पुसल्याशिवाय वस्तरा टेकवणार नाही."

"अरे, अर्धा दिवस जाईल! तिकडे माणूस मरतोय!"

"म्हणूनच. गोल धार कातडे फाडते, अप्पाराव. मला मारा हवं तर, पण ते पाप या हातून होणार नाही."

अप्पारावांनी काठी उगारली. तोच महाराज येऊन दगडापाशी बसले.

"मार की," महाराज म्हणाले. "मग धार कोण लावणार, तू?"

काठी खाली आली. महाराजांनी ओंजळभर पाणी ओतले, दगडाच्या दुसऱ्या टोकाला हात लावला आणि तुळाजीबरोबर तो घाशीत अभंग धरला. काय सांगावे! अभंग संपतो न संपतो तोच खळग्यातली शेवटची रेघ नाहीशी झाली! अर्ध्या दिवसाचे काम!

तुळाजीचे डोळे भरून आले. तरीही त्याने कोळसा उचलून पुन्हा रेघा ओढल्या. लोक चपापले. महाराज मात्र प्रसन्न हसले. "घे, माझ्याही हाताची परीक्षा घे!" एकदा घासताच साऱ्या रेघा गेल्या. मगच तुळाजीने वस्तरा दगडाला लावला.

पाटलांच्या घरी तुळाजीचा हात एकदाच फिरला. पू वाहून गेला आणि पाटलांचा श्वास मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी पाटील पागोटे काढून महाराजांच्या पायांशी आले. महाराजांनी पाय मागे घेतले. "आधी तिकडे."

भरल्या घाटावर मानाजी पाटील तुळाजीपुढे वाकले.

"पुरे, पाटील," तुळाजी म्हणाला, "मान फार वाकवू नका. जखम अजून ओली आहे."