डोक्यावर घडा न ओतलेला वैद्य

त्या दुष्काळात चंपावतीत जी माणसे पांगळी झाली, त्यांचा दोष आचार्य भद्रशालाकडे जातो. पावसाकडे नाही, नशिबाकडे नाही, आणि त्या माणसांच्या पापाकडे तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. वडीलधाऱ्यांची गोष्ट सांगायला बसले की शेवटाकडे येईतो सांगणाऱ्याची जीभ मऊ पडते आणि दोष पावसाच्या गळ्यात पडतो.

चंपावतीवर तेव्हा राजा रिपुंजयाचे राज्य होते, आणि बोधिसत्त्वाने तिथल्या एका लेखनिकाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव चित्रक. तो इतका झपाझप चाले की बरोबरीची पोरे त्याच्यामागे धावत यायची. वयात येताच बापाने त्याला भद्रशालाच्या वैद्यशाळेत नेऊन घातले.

त्या शाळेची एक रीत होती. शिक्षण पुरे झाले असे आचार्यांना वाटले की ते शिष्याला घेऊन नदीवर जात. शिष्याने घाट उतरून कंबरभर पाण्यात उभे राहायचे आणि आचार्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर घडा ओतायचा. घडा झाला की तो वैद्य. घडा न झालेल्याने औषध विकायचे नाही आणि राजसभेत तोंड उघडायचे नाही, मग त्याला कितीही येत असो.

घडा कधी ओतायचा हे भद्रशाल ठरवी. तो दर वर्षी म्हणे, "येत्या शरदात बघू." शरद येई आणि जाई. तोवर शिष्य त्याच्या गाई धूत, त्याचे पाय चेपत, तो दुपारी झोपला की नव्या मुलांना शिकवत, आणि त्याच्या नावाने ग्रंथावरची टीका लिहीत. काहींच्या दाढ्या त्या शाळेतच पिकल्या. भद्रशालाच्या भाच्याला मात्र दोन शरदांत घडा मिळाला. त्याला हिरडा आणि बेहडा एकमेकांशेजारी ठेवले तरी ओळखता येत नसत.

एका कोरड्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाच्या वेळुगावातून पांगळी माणसे शाळेत येऊ लागली. ताप नाही, घाव नाही, पण गुडघे ताठ, टाचा अधांतरी, आणि चालताना एक पाय दुसऱ्यात अडकायचा. बोधिसत्त्व आपला मित्र नागिल याला घेऊन वेळुगावी गेला. दोघे दारोदार फिरले, चुलीवर काय शिजते ते पाहिले. ज्या घरांत इतर धान्य संपले होते आणि महिनोन्महिने नुसती लाखोळीची डाळ खाल्ली जात होती, त्याच घरांत पाय गेले होते. बाकीची घरे धडधाकट होती. एका म्हातारीच्या घरीही नुसती लाखोळीच होती, पण ती डाळ उकळून ते पाणी ओतून देई, डाळीचा उग्र वास तिला सोसत नसे म्हणून. तिच्या घरातही सगळे चालत होते.

बोधिसत्त्वाने परत येऊन हे आचार्यांना सांगितले.

भद्रशाल म्हणाला, "लाखोळी बल्य आहे, अंगी बळ आणते. माझ्या गुरूंनी तसं लिहिलंय."

"आचार्य, आपल्या गुरूंनी लाखोळी कधी खाल्ली होती?"

"काय म्हणालास?"

"ते राजाच्या पंगतीला जेवायचे. तिथे तांदूळ असतो."

भद्रशालाने बैठक बदलली. "आधी घडा होऊ दे, चित्रका. मग बोल हवं तेवढं."

"आणि घडा कधी?"

"हे असलं बोलणं थांबवशील तेव्हा."

अशी ती गाठ होती. बोलायचे तर घडा हवा, आणि घडा हवा तर बोलायचे नाही. बोधिसत्त्वाने ती सोडवत बसण्यात आणखी एक शरद घातला नाही. तो आपली वळकटी घेऊन निघाला. नागिल दारापर्यंत आला आणि म्हणाला, "अरे, इतकी वर्षं काढलीस, अजून एक काढ की." बाप घरी तेच म्हणाला, फक्त मोठ्याने. "तुझ्या घड्यासाठी मी नवं उपरणं घेऊन ठेवलंय. ते आता काय चुलीला लावू? लोकांना काय सांगू?"

बोधिसत्त्व म्हणाला, "सांगा, पोरगा कामाला लागला."

त्याने पूर्वेच्या वेशीवर पाचक चूर्णाचे दुकान टाकले. चूर्ण चांगले होते म्हणून खपू लागले, आणि खपू लागले म्हणून शाळेच्या डोळ्यांवर आले. घडा न झालेला औषध विकतो अशी तक्रार गेली आणि शिपायांनी बरण्या नाल्यात उलट्या केल्या. मग त्याने उटणी विकून पाहिली, तीही औषधात मोडतात असे ठरले. शेवटी उत्पला नावाच्या एका विधवा बाईने त्याला हाक मारली. तिचा नवरा गाडीवान होता. तो मागे एक मोठा तांब्याचा हंडा ठेवून गेला होता.

"वैद्यबुवा, पोट बरं करता येतं, मग भरता येईल का? घुगऱ्या काही औषधात मोडत नाहीत."

"अक्का, वैद्यबुवा म्हणू नका. शिपाई येतील."

"येऊ देत की. भुकेलेच असतात मेले."

दोघांनी मिळून हरभऱ्याच्या, कुळथाच्या, मटकीच्या घुगऱ्या शिजवायला सुरुवात केली. उत्पला हंड्यापाशी बसे आणि बोधिसत्त्व टोपली खांद्यावर घेऊन गाडीतळापासून घाटापर्यंत फिरे. पुढे शेजारी फुटाण्यांची भट्टीही पेटली. तो चालत असे आणि हसत असे. इतक्या वर्षांत आपण दिवसाउजेडी कधी हसलो नव्हतो, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले.

मग पाऊस सलग रुसला. हरभरा संपला, गहू संपला. व्यापाऱ्यांच्या कोठारांत उरली लाखोळी, कारण ती कोरड्यातही उगवते. राजाने सभेत विचारले, "ही प्रजेला द्यावी का?" भद्रशाल उठला आणि म्हणाला, "बल्य आहे, महाराज." सगळी चंपावती लाखोळी खाऊ लागली.

व्यापारी वेशीवरही आले. त्यांनी पडत्या भावात हव्या तितक्या गोणी देऊ केल्या. बोधिसत्त्वाने नाही म्हटले. उत्पला रिकाम्या हंड्याकडे बघत राहिली.

"अहो, सगळं नगर विकतंय. आपण नाही विकली म्हणून कुणी खायचं थांबणार आहे का?"

"नाही थांबणार. पण ती माझ्या हातून जाणार नाही, अक्का."

तो दारोदार सांगत फिरला, एकटी लाखोळी खाऊ नका, उकळून पाणी ओतून द्या. लोक म्हणाले, "तुझा माल संपला म्हणून आमच्या ताटावर डोळा होय?" एकाने विचारले, "तू वैद्य आहेस?" बोधिसत्त्व म्हणाला, "नाही." दुसरा म्हणाला, "मग फुटाणे भाज."

तेव्हा तो नागिलाकडे गेला. नागिलाला मागच्याच शरदात घडा मिळाला होता. सभेत त्याला आसन होते.

"तू वेळुगावात माझ्याबरोबर होतास. एवढंच सभेत सांग. माझं नावही घेऊ नकोस."

नागिलाने दार लोटून घेतले. "मला माहीत नाही असं वाटतं का तुला? पण आत्ता नको. आचार्य थकलेत. गादी माझ्याकडे येणार आहे. ती आली की पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच बोलेन."

"तोवर लोकांचे पाय?"

"तुला नेहमी घाई, चित्रका. म्हणून तर तुझं काही झालं नाही."

बोधिसत्त्व रागावला नाही. रागावण्यासारखे होते, पण तो रागावला नाही. तो वेशीवर परत आला आणि त्याने उत्पलाला लाखोळी आणायला सांगितली.

"विकायला?"

"मला खायला. नुसती हीच, पाणी न ओतता. इथे, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नाही. पण मी कसा चालतो हे सगळ्या नगराला ठाऊक आहे."

उत्पलाला कळायला क्षण लागला. मग तिने पळी खाली ठेवली.

"आणि पाय परत येतात?"

"वेळुगावात कुणाचे आले नाहीत."

"मग मी शिजवणार नाही. दुसरी कुणी बघा."

ती पाठ फिरवून बसली. बोधिसत्त्वाने स्वतः चूल पेटवली. फुंकताना त्याच्या डोळ्यांत धूर गेला. थोड्या वेळाने तिनेच त्याला बाजूला ढकलले आणि हंडा चढवला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी थट्टेने बोलली नाही.

तो खाऊ लागला. लपून दुसरे काही खात नाही ना, हे बघायला भद्रशालाने नागिलालाच पाठवले. नागिल येई, पारावर बसून बघे आणि जाई. लोकही जमत. सुरुवातीला पैजा लागल्या. मग बोधिसत्त्वाचे पाऊल जड झाले. मग पोटऱ्या रात्रंदिवस वळू लागल्या. एका सकाळी टाचा जमिनीला टेकेनात. तो टोपली घेऊन गाडीतळाकडे निघाला आणि त्याचाच उजवा पाय डाव्यात अडकून पडला. हरभऱ्याचे दिवस असते तर कुणीतरी हसले असते. त्या सकाळी कुणी हसले नाही. त्या दुपारी वेशीजवळच्या आळीतल्या बायकांनी लाखोळी उकळून पाणी ओतून दिले.

त्याने खाणे थांबवले नाही. सभेचा हुकूम अजून बदलला नव्हता. नागिल पारावर बसून होता. उठून सभेत जाऊन तो एक वाक्य बोलला असता तरी पुरले असते, आणि ते वाक्य त्याच्याजवळ होते.

अखेर राजाचा रथ वेशीतून जाताना अडला, कारण बोधिसत्त्व रस्ता हातांवर ओलांडत होता. राजाने विचारले, लोकांनी सांगितले. त्याच दिवशी सभा भरली. भद्रशाल उठला आणि म्हणाला, "महाराज, मला या डाळीची शंका बऱ्याच काळापासून होती. म्हणूनच माझ्या एका शिष्याला मी या परीक्षेला बसवलं." राजाने त्याला शाल दिली. लाखोळी उकळून पाणी ओतून द्यावे अशी दवंडी पिटली, ती भद्रशालाच्या नावाने. नागिलाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भद्रशाल घडा भरून वेशीवर आला. बरोबर भाचा, नागिल आणि शाळेची पोरे. बोधिसत्त्वाचा बापही धावत आला. त्याच्या हातात ते नवे उपरणे होते, घडीवर पिवळे पडलेले. त्याची नजर घड्यावर होती.

"उठ पोरा, उठ! आला की नाही दिवस?"

भद्रशाल म्हणाला, "चल, चित्रका. घाट उतरू."

मग भद्रशालाने खाली पाहिले आणि घसा खाकरला. "बरं. तुझ्यासाठी रीत मोडू. इथेच ओततो."

बोधिसत्त्व म्हणाला, "आचार्य, नगरात अजून लाखोळीच आहे, आणि विहिरी आटल्यात, नदीही आटत आलीय. डाळ उकळायला पाणी कुठून आणायचं, ही लोकांची अडचण आहे. अक्का, तो घडा हंड्यात ओता."

उत्पलाने घडा भद्रशालाच्या हातून काढून घेतला आणि हंड्यातल्या लाखोळीवर रिता केला. पाण्याला उकळी आली, ते रस्त्यावर ओतले गेले आणि भद्रशालाच्या पायांखालून वाहत नाल्यात गेले. उरलेल्या घुगऱ्या बोधिसत्त्वाने त्या शाळेच्या पोरांनाच वाढल्या, कारण ती उपाशी होती. तो वैद्य झाला नाही. उरलेले आयुष्य त्याने त्याच हंड्यापाशी बसून घुगऱ्या विकल्या, आणि त्या दुष्काळात पुढे कुणी नवे पांगळे झाले नाही.

एवढी गोष्ट भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान, थांबले. विहारात त्या दिवशी स्थविर कालक पुढच्याच ओळीत बसला होता. नव्या भिक्षूंकडून तो आपले चीवर धुऊन घेई आणि धर्म मात्र उद्यावर टाकी. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रशाल हा आजचा कालक. सगळं कळून गप्प बसणारा नागिल म्हणजे त्याच्या आसनाची वाट बघणारा भिक्षू देवल. बाप म्हणजे कालकाच्या शब्दाशब्दाला मान डोलावणारे ते वृद्ध उपासक. उत्पला ही आजची भिक्षुणी मृगा. आणि चित्रक मी होतो."

कालकाने खाली पाहिले. देवलाने कालकाकडे पाहिले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परमसाधना, पूर्ण केली. त्यात त्याचे दोन्ही पाय गेले.