कड्यातली शेवटची फाक

पोरांनो, या गोष्टीचा शेवट कोण ओळखतो बघू. ओळखील त्याला माझ्या वाटणीचा गूळ. चुकेल त्याचा गूळ मी खाणार. दात नाहीत म्हणून हसू नका, गूळ चघळता येतो. आता कान इकडं करा.

एका वाडीत धाकू कातारी राहायचा. कातारी म्हंजे खरादाच्या फिरत्या चाकावर लाकूड कातणारा. बाकीचे कातारी एका ओंडक्यातून वाडगा काढायचे. धाकूचा थाट निराळा. पिवळाधम्मक फणस, काळाभोर शिसव, लाललाल खैर, सगळ्यांच्या तो मोसंबीसारख्या इवल्या इवल्या फाका करायचा. सरसानं जोडून त्यांचं नक्षीदार कडं करायचा, कड्यावर कडं चढवायचा, मग खराद फिरवायचा. वाडगा असा झळकायचा, की त्यात आमटी ओतायला जीव होऊ नये.

पण धाकूच्या डोळ्यांत धुकं शिरलं. फाक केसभर कमी झाली तरी दिसेना. सगळ्या फाकांचे केस साठून कड्याच्या शेवटी फट राहायला लागली. एक दिवस त्यानं फटीत भुसा आणि सरस कोंबला, खराद फिरवला, आणि वाडगा फाटकन उडाला. निम्मा छपरात, निम्मा भाताच्या टोपात.

"आबा, आज भातात शिसव लागतंय," त्याची लेक सोनकी म्हणाली. आई नव्हती तिला. घरात ही दोघंच.

धाकू हसला नाही. "खराद देऊन टाकतो गो बाय. उद्या न्यायला येतील."

उपाशी झोपायची सोनकीला सवय होती. पण खरादाच्या घरघरीत गुणगुणणारा आबा कायमचा गप्प होणार, हे तिला सोसवेना. उरलेल्या फाका परकराच्या ओच्यात घेऊन ती मागच्या परसात जाऊन बसली.

तिथं अबोलीच्या झुडपाखाली एक परी बसलेली. बोटाएवढी. पोपटी पंखुल्या, आणि डोक्यावर उजेडाच्या फाकांचं इवलंसं कडं. कड्यात एक फट होती. फटीतून थेंब थेंब सोनेरी उजेड गवतावर सांडत होता, अन परी फिकी फिकी होत चालली होती.

"रडतेस होय?" सोनकीनं विचारलं.

"रडत नाही. गळतेय," परी म्हणाली. "सुरवंटानं माझी फाक खाल्ली. आता रात्रभर चमकत हिंडेल मेला."

सोनकीनं ओच्यातली खैराची लाल फाक काढली. सगळ्यांत छोटी, तांदळाएवढी, तिची लाडकी. पण ती जरा जाड पडली.

"कोंब जोरात," परी कण्हली.

"कोंबायचं नाही. आमच्याकडं सकाळीच एक उडालाय." सोनकीनं कडं अलगद दोन अर्ध्यांत सोडवलं. "आबा म्हणतो, कडं मिटत नसलं तर दोन अर्धी कर, आणि दोघांना थोडं थोडं घास. एकालाच घासलं की गोल बिघडतो." धुण्याच्या दगडावर तिनं दोन्ही अर्ध्यांची टोकं हळूहळू घासली, लाल फाक बसवली, फणसाच्या चिकानं जोडली. उजेड गळायचा थांबला. परीच्या गालांवर गुलाबी रंग चढला.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण नियम ऐक. आम्ही नवं काही बनवत नाही. इकडची फाक काढून तिकडं बसवतो. जेवढं मागशील तेवढं कुणाचं तरी जाणार, आणि देणाऱ्यानं ते राजीखुशीनं दिलं पाहिजे."

"आबाचे डोळे. माझ्यातून घे."

"आंधळी होशील की गो."

सोनकी गवताची काडी चावत बसली. मग म्हणाली, "मग आमचं पण अर्धं अर्धं कर. दोघांना थोडं थोडं घास."

परी उडून तिच्या नाकासमोर आली. "लहान पोरांच्या डोळ्यांत एक जादा फाक असते," ती हळूच म्हणाली. "तिच्यातूनच परी दिसते. ती दिलीस तर आबाची फट मिटेल. पण मी तुला परत कधीच दिसणार नाही. आत्ता कुठं ओळख झालीय आपली."

"तू येत राहशील पण?"

"रोज. याच अबोलीवर."

"मग आबाला दिस. त्याला बोलायला कुणी नसतं."

परीनं तिच्या पापण्यांवर पंखुली टेकवली. हळदी, केशरी, मोरपंखी उजेड परसभर भरला, नारळाच्या शेंड्यापर्यंत चढला, आणि त्यातच परी विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी खराद न्यायला माणसं आली, ती हात हलवत परत गेली. धाकू नवं कडं उन्हासमोर धरून बघत होता. कुठल्याच जोडातून कवडसा येत नव्हता. खराद घरघरला, आबा गुणगुणला. धाकूचे वाडगे लग्नघरी जायला लागले, आणि सोनकीच्या टोपात रोज भात शिजायला लागला, बिनशिसवाचा.

आता रोज सकाळी धाकू खराद थांबवतो, परसाकडं बघतो.

"आली गो तुझी मैतरीण. आज निळं नेसलीय. तुझी लाल फाक अजून डोक्यावर आहे."

सोनकी दारात येते. तिला अबोली दिसते, ऊन दिसतं, एखादं फुलपाखरू दिसतं. ती हसून हात हलवते, जरा भलत्याच बाजूला. धाकू तिचा हात धरतो आणि हळूच झुडपाकडं वळवतो.