भैरोबाला मारलेली हाक

माझ्या शुद्धलेखनात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. माझी शाळा सातवीत सुटली.

माझे चुलते भिवातात्या आमच्या गावच्या भैरोबाचे गुरव. म्हातारपणी त्यांना ऐकू येईनासं झालं. हळूहळू लोकांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. देवळातली पूजा तेवढी त्यांच्याजवळ उरली होती.

एकदा देवस्थानचे अध्यक्ष जगदाळे यांनी तीर्थ मागितलं, ते तात्यांना ऐकू आलं नाही. एवढ्यावरून अध्यक्षांनी देवळात गाव जमवलं. तात्या समई पुसत होते. अध्यक्षांनी पाठीमागून हाक मारली, "ए भिवा!" तात्या वळले नाहीत.

"बघा, नुसता धोंडा झालाय!" असं म्हणून अध्यक्ष त्यांच्या कानाशी ओरडले, "हाकेला ओ देत नाहीस. उद्यापासून देवळात यायचं नाही!"

तात्यांनी फडकं खाली ठेवलं. "अध्यक्ष, मला तुम्ही पाठीमागून हाक मारली. भैरोबाला रोज समोर उभं राहून मारता. त्यानं कधी ओ दिली? आधी त्याला काढा, मग मी जातो."

सगळं देऊळ हसलं. अध्यक्ष चपला शोधत निघून गेले. पूजा तात्यांकडेच राहिली.

पण तात्यांना हसणं ऐकू आलं नाही, नुसती उघडी तोंडं दिसली. लोक आपल्यालाच हसले असं समजून ते मान खाली घालून घरी आले आणि न जेवताच निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे उजेडात बसलो आणि "तात्या, लोक अध्यक्षांना हसले," हे त्यांना कळेपर्यंत सांगत राहिलो.