पैलवानाच्या वाटणीचं दूध

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा पैलवान राहायचा, आणि उरलेलं गाव त्याच्या जिवावर मिशीला पीळ देत हिंडायचं. "आमचं गाव पैलवानांचं," असं सगळे छाती फुगवून सांगत. पैलवान एकच होता, हे मात्र कोणी बोलत नसे.

गावाची एक रीत होती. ज्याच्या दारी म्हैस, त्याने सकाळचं सगळं दूध तालमीत पोचवायचं. मोठ्या जत्रेतली चांदीची गदा हैबतीने दोनदा आणली होती. तिसऱ्यांदा जिंकला की ती कायमची गावाची होणार होती. त्यामुळे कोणी थेंबभर दूधही घरात ठेवत नसे. लहान पोरं पेजेच्या निवळीवर वाढत होती. वाढत होती म्हणजे, दिवस जात होते.

एके सकाळी सारजा नावाची बाई दुधाची चरवी घेऊन तालमीत आली. कडेवर तिचा दोन वर्षांचा मुलगा होता. चरवी उतरवताना तिची तारांबळ उडाली, म्हणून हैबतीने पोर आपल्याकडे घेतलं. रोज दगडी गोटे उचलणारा गडी तो. दोन वर्षांच्या पोराच्या बेताने त्याने जोर लावला, आणि हात भसकन वर गेले. पोराला वजनच नव्हतं.

"वहिनी, ह्याचं वजन गेलं कुठं?"

सारजा खाली बघत म्हणाली, "तुमच्या दंडात गेलं, भाऊजी."

हैबतीने त्या दिवशी दुधाला तोंड लावलं नाही. तो तडक पाटलांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"पाटील, उद्यापासनं तालमीत दूध नको. ते बारक्या पोरांच्या आन् त्यांच्या आयांच्या पोटात जाऊ द्या."

पाटील उसळले. "अरे, गदा तोंडाशी आलीया! गावाचं नाक कापतोस काय? पोरं मोठी झाली की घालू की त्यांना खुराक!"

"तवा उशीर झाल्याला असतो. बारा वर्सांची पोरं येत्यात माझ्याकडं. चार बैठकांत धापा टाकत्यात. मग कितीबी दूध पाजा, अंगी लागत न्हाई. पाया कच्चा ऱ्हायला तर वरनं गिलावा करून काय उपेग?"

पैलवानच पीत नाही म्हटल्यावर रीत मोडली. त्या वर्षी हैबती भाकरी-आमटीवर कुस्तीला उतरला आणि हरला. गदा दुसऱ्या गावाला गेली. परतताना हलगी वाजली नाही. लोक तोंडावर टोमणे मारू लागले. त्याला फार लागलं, कारण गदेवर त्याचाही जीव होता. तरी तो रोज घरोघर जाऊन विचारायचा, "पोराच्या पोटात आज काय पडलं?" डाळ, अंडं, पालेभाजी, काहीतरी मऊ कालवून भरवलेलं पाहिल्याशिवाय हलायचा नाही. बायका आधी हसल्या. मग तो यायच्या आतच भरवू लागल्या.

वर्षं गेली. शाळेत पोरं डुलक्या घेईनाशी झाली. मुली तालुक्याला जाऊन शिकून आल्या. पूर्वी पोरांच्या औषधपाण्यासाठी विकली जाणारी शेळी आता दावणीलाच राहू लागली. ज्या माळावर कुदळ चालवायला गडी मिळत नव्हता, तिथे विहीर झाली, मळा फुलला.

अशाच एका जत्रेत शेजारगावच्या पाटलाने हैबतीच्या गावच्या पाटलांना विचारलं, "काय, यंदा तुमचा पैलवान कोणता?"

पाटलांनी मागे वळून पाहिलं. गावातली तरणी पोरंपोरी ताठ मानेने उभी होती. पाटलांचा ऊर भरून आला.

"कोणता म्हणून सांगू? आमचे पैलवान मोजाय बसलासा तर जत्रा उठंल!"

आणि सगळ्यांदेखत त्यांनी डोईचा फेटा काढून हैबतीच्या डोक्यावर ठेवला.

तात्पर्य: मूल आईच्या पोटात असल्यापासून पहिली काही वर्षं त्याला सकस अन्न मिळालं, तरच ते उद्या गावाला पोसतं; त्या वयात हुकलेला घास पुढे दामदुपटीने दिला तरी भरून येत नाही.