नव्वदच्या पुढची थरथर

प्रमिलाताई कुंभोजकरांची गाडी नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं आणि खालून घूंऽऽ असा आवाज यायचा. मणक्याचं ऑपरेशन झालेले त्यांचे यजमान मागच्या सीटवर दात आवळून पडलेले असत. हळू जावं, तर कोल्हापूरच्या डॉक्टरांची वेळ चुकायची.

हायवेलगतच्या सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर शहापुरे दर खेपेला गाडी फाटकापर्यंत फिरवून आणत, ताईंच्या हातात चहाचा कप देत आणि म्हणत, "गाडी एकदम ओके आहे, मॅडम. टेन्शनमुळे भास होतो तुम्हाला."

ऐकून ऐकून ताईंचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला. थरथरतात ते आपलेच हात असतील, असं वाटून त्या एकदा गाडी कडेला घेऊन रडल्यासुद्धा.

आज पुन्हा चहा आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हायवेवर एक चक्कर मारू. कप तेवढा तुम्ही धरा."

शहापुरे हसत शेजारी बसले. साठला चहा शांत होता, ऐंशीलाही शांत होता.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" शहापुरे म्हणाले.

ताईंनी नव्वदचा काटा ओलांडला. गाडीच्या अंगात आलं, कप हिंदकळला आणि सगळा चहा शहापुऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडला.

"अहो, थांबवा! भाजलं मला!"

ताईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. त्यांना हसूही आलं नाही.

"टेन्शन घेऊ नका, साहेब," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "भास होतोय तुम्हाला."