उत्तरेकडचं ऊन

तीन व्हर्जनांपूर्वीची गोष्ट. आर्किटेक्टच्या कंप्युटरमध्ये चकाकी आणि सावली अशी दोन रेंडरिंग सॉफ्टवेअरं, म्हणजे न बांधलेल्या इमारतीची हुबेहूब चित्रं काढणारी, राहत. शाळेच्या मॉडेलचं अ‍ॅनिमेशन कुणी करायचं, हे मोठाले नकाशे छापणारा म्हातारा प्लॉटर ठरवणार होता. वय झालं की सगळं कळतं, असा त्याचा समज.

सावलीने तीन दिवस खपून सूर्याचा खरा मार्ग काढला. "काका, शेजारच्या टॉवरमुळे पटांगण अंधारात जातंय. इमारत फिरवायला सांगा."

चकाकीने तासाभरात भरपूर ऊन ओतलं, तेही उत्तरेकडून, जिथून हिवाळ्यात ते येतच नाही.

"चकाकीच! सावली, तू गप्प बस, कालची पोर," प्लॉटर खेकसला.

शाळा बांधून झाली. हिवाळ्यात फोटो छापायला आले. काळोख्या पटांगणात मुलं कुडकुडत होती. प्लॉटरला कागद ओढवेना.

"शाई संपलीय," तो पुटपुटला.

"आजच भरलीय, काका," सावली म्हणाली. "छापा."