चांगुणा कुंभारीण आणि आठ पिल्लं

फार जुनी गोष्ट आहे. मुलांनो ऐका, आणि मुलांशेजारी बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

एका तळ्याकाठी भात पिकवणारं एक गाव होतं. तिथल्या खाचरांत बदकं हिंडायची आणि कोवळी रोपं खाणाऱ्या गोगलगायी वेचून खायची. एका वर्षी रोग आला आणि बदकं पटापट मेली. पुढच्या पावसात गोगलगायींनी निम्मं भात फस्त केलं.

गावात एक नर आणि एकच बदकीण उरली होती. ती आठ अंड्यांवर बसली. अंडी फुटली त्याच सकाळी कोल्ह्याने तिला उचललं. मागे राहिली आठ ओली, चिवचिवणारी पिल्लं.

"यांना ऊब कोण देणार?" गावच्या पाटलाने विचारलं.

"मी देते," चांगुणा कुंभारीण म्हणाली. "विस्तवाशी खेळण्यात माझा जन्म गेलाय."

ते खरंच होतं. तिच्या भट्टीतून कच्चं मडकं कधी बाहेर पडलं नव्हतं. तिने एक गोल टोपली घेतली, तळाशी सुका पेंढा अंथरला. मधोमध निखाऱ्यांचं मडकं ठेवलं, त्यावर राख पसरली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून वरून घोंगडी घातली आणि ती निर्धास्तपणे चाकावर जाऊन बसली.

दुपारी घोंगडी उचलून बघते तर पिल्लं टोपलीच्या कडांना चिकटलेली, चोची वासलेली, धापा टाकणारी. एक पिल्लू तर निपचित पडलेलं. तिने ते ओंजळीत घेतलं, फुंकर घातली, पाण्याचं बोट लावलं. ते हललं नाही.

चांगुणा अंगणात बसून रडू लागली. वाटेने होनाजी धनगर चालला होता. म्हातारा माणूस, सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. तो थांबला.

"बाबा, माझं चुकलं कुठे?" तिने विचारलं. "ऊब तर मी बरोबर दिली होती."

होनाजीने टोपलीत डोकावून पाहिलं. "मडक्याला बरोबर होती, बाई. मडकं भट्टीत हलत नाही. पिल्लू हलतं. त्याला हलायला जागा कुठे ठेवलीस?"

"पण किती ऊब लागते, ते मला कसं कळणार?"

"त्यांनाच विचार की. गोळा होऊन विस्तवाला बिलगली तर थंडी वाजतेय. लांब पळाली तर उकडतंय. सगळीकडे पसरून खात-पीत असली, तर सगळं ठीक आहे."

चांगुणाने डोळे पुसले. तिने लांबट हारा, म्हणजे मोठी टोपली आणली. निखाऱ्यांचं मडकं एका टोकाला ठेवलं, दुसरं टोक गार राखलं. घोंगडी अर्धीच घातली. उथळ परळात पाणी ठेवून त्यात खडे टाकले, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही. आईच्या पंखाखाली न वाढलेली पिल्लं भिजली की गारठतात, हेही होनाजीनेच सांगितलं होतं. भिजवलेल्या कण्या तिने हाताने भरवल्या. ओला पेंढा ती रोज बदलायची.

मुख्य म्हणजे ती समोर बसून राहिली. पिल्लं बिलगली की मडकं जवळ सरकवी, पांगली की दूर नेई. चाक बरेच दिवस थांबलं, त्याची तिला खंत वाटली नाही.

हळूहळू पिवळी लव झडून पिसं आली. निखारे लागेनासे झाले. भाताची रोपं लावली तेव्हा सात बदकं एका रांगेत खाचरात उतरली आणि चिखलात चोची खुपसून कामाला लागली. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक घरी भात आलं. पुढच्या वर्षी बदकांची संख्या चाळीसवर गेली.

शेजारच्या गावची एक बाई चांगुणाकडे आली. "पिल्लांना ऊब किती द्यायची, त्याचं माप सांगा," ती म्हणाली.

"माप नाही गं," चांगुणा म्हणाली. "टोपलीपाशी बस आणि त्यांच्याकडे बघत राहा. माझं एक पिल्लू गेलं, तेव्हा मला हे कळलं. तुझं जायला नको."

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला काय हवं हे आपल्या हुशारीला नाही, त्यालाच विचारावं.